बाबा, आमची नावं सांगू नका

सोलापूर

ति. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

फोनवर रेंज गेली आणि भांडण अर्धवट राहिलं, म्हणून लिहायला बसले. बाबा, चष्मा लावून पुरतं वाचा, अर्ध्यात आईच्या हातात देऊ नका.

"शिरगणतीवाले आले की घरात सात माणसं सांगणार" म्हणालात. तुम्ही दोघं, दादा-वहिनी, त्यांची दोन पोरं आणि मी. दादा पुण्यात भाड्याच्या घरात, मी इथं. घरात खरी माणसं दोन आणि शेरडं तीन. आकडा फुगला की वस्तीला डांबरी रस्ता होईल, गावाला दुसरी गाडी लागेल, हा तुमचा हिशेब.

रस्त्याचं आधी सांगते. पंतप्रधान ग्रामसडक योजनेत सपाट भागातल्या वस्तीला 500 लोकसंख्या लागते. तिचा चौथा टप्पा 2024 मध्ये मंजूर झाला, पण त्यातही आकडा धरलाय 2011 चा. 2021 ची शिरगणती कोरोनात राहूनच गेली ना. 2011 ला आपलं घर भरलेलं होतं, तरी वस्ती पाचशेच्या आतच राहिली. आता 2027 च्या मोजणीत तुम्ही सात सांगा नाहीतर सत्तर, त्या कागदाला फरक पडत नाही. शिवाय आम्हाला इथं आणि पुण्यात मोजणारच आहेत. एका माणसाची दोन डोकी कशाला?

गाडीचं मात्र निराळं आहे. एस्टी गावातली माणसं मोजत नाही, गाडीतली मोजते. भारमान म्हणतात ते हेच.

मुक्कामी गाडी आठवते? संध्याकाळी शाळेपुढं लागायची, ड्रायव्हर-कंडक्टर देवळात झोपायचे. आई, तू त्यांना पिठलं-भाकरी पाठवायचीस, वर शेंगाचटणी. सकाळी सहाला मी वेणी घालत पळत यायचे, तर कंडक्टर घंटीची दोरी हातात धरून थांबलेला. बारावीपर्यंतचा पास मुलींना फुकट, म्हणून तर माझं कॉलेज झालं. ती गाडी बंद झाली तेव्हा आपण सगळे आगारावर चिडलो. पण शेवटी शेवटी तिच्यात बसत होतं कोण? पोरांनी मोटारसायकली घेतल्या. दादा पुण्याच्या गाडीतून फाट्यावरच उतरतो. मी ऑफिसातल्या मैत्रिणीच्या कारनं येते आणि वर तुम्हालाच शिकवते, हे कबूल.

आणि बाबा, तुम्ही! वय 76. पंचाहत्तरीपुढच्यांना एस्टी 2022 च्या ऑगस्टपासून फुकट आहे. तरी तुम्ही पैसे मोजून वडापच्या खासगी जीपमध्ये मागच्या फळकुटावर, गुडघे छातीशी घेऊन बसता. का, तर "फुकट बसायला मी काय भिकारी आहे?" गेल्या खेपेला आईनं आपलं अर्धं तिकीट काढलं, एस्टीनं आली. तुम्ही वडापनं. नवरा-बायको एकाच गावाहून एकाच दवाखान्यात दोन गाड्यांनी! स्टँडवर आई पाऊण तास तुमची वाट बघत उभी. मला हसावं का रडावं कळेना.

अहो, कंडक्टर तुम्हालाही तिकीट देतो, शून्य रुपयांचं. त्याचे पैसे सरकार एस्टीला भरतं. तुम्ही त्या गाडीतलं एक माणूस धरले जाता. शिरगणतीत आमची पाच खोटी नावं घालण्यापेक्षा हे तुमचं एक खरं तिकीट गावाच्या जास्त कामाचं आहे. पारावर बसतात त्या तुमच्या दोस्तांनाही सांगा, तेही पंचाहत्तरीपुढचेच सगळे.

शनिवारी दुपारच्या गाडीनं येते, कारनं नाही. आईच्या डोळ्यांचे थेंब घेतलेत. फाट्यावर कुणाला मोटारसायकल घेऊन पाठवू नका, गाडी पारापर्यंत येते. सोमवारी सकाळी तुम्हालाही माझ्यासोबत तपासणीला यायचंय, त्याच गाडीनं. आधार कार्ड पेटीतून काढून आत्ताच सदऱ्याच्या खिशात घाला. आणि सदरा धुवायला टाकायच्या आधी आईला सांगा.

तुमची,
ताई