मा. विज्ञानमंत्र्यांना खुले पत्र: खाडीवरच्या तीन अमावास्या आणि ३१ मार्च

प्रति,
मा. केंद्रीय विज्ञान व तंत्रज्ञान मंत्री,
नवी दिल्ली

प्रत: मा. केंद्रीय पर्यावरण, वने व हवामान बदल मंत्री

विषय: स्थलांतरित पक्षी व चिखलपट्ट्यांच्या अभ्यासासाठी शेजारी देशांबरोबर सामायिक निधी उभारणे आणि तो ऋतू पाहून देणे.

महोदय,

शेजारी देशांबरोबरच्या संशोधनाला सरकारकडे पैसा नाही, अशी आमची तक्रार नाही. २०२३ मध्ये अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनचा कायदा झाला आणि पाच वर्षांसाठी ५० हजार कोटींचे उद्दिष्ट ठरले. त्यापुढे आम्ही मागतो आहोत ती रक्कम म्हणजे चिल्लर. तक्रार वेगळी आहे. पैसा कोणत्या महिन्यात येतो, कोणाला खर्च करता येतो आणि कधी परत जातो, याचा मेळ कामाशी बसत नाही.

ठाणे खाडीचे उदाहरण घेऊ. २०१५ मध्ये ऐरोली-भांडुपच्या पट्ट्यात फ्लेमिंगो अभयारण्य जाहीर झाले आणि २०२२ मध्ये खाडी आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत गेली. नवी मुंबईने तर फ्लेमिंगो उड्डाणपुलांवर रंगवला, चौकाचौकांत त्याचे पुतळे उभे केले. पण ज्या पक्ष्यांमुळे ही खाडी आंतरराष्ट्रीय ठरते त्यांतले बरेचसे लहान, मातकट आणि फोटोत न भरणारे आहेत: तिबेटच्या पठारावर अंडी घालणारा चिखल्या, सैबेरियाच्या उत्तर टोकाहून येणारी बाकचोच तुतारी. त्यांचा मध्य आशियाई उड्डाणमार्ग सुमारे ३० देशांवरून जातो. फेब्रुवारी २०२४ मध्ये स्थलांतरित प्राण्यांविषयीच्या कराराच्या समरकंद परिषदेत या मार्गासाठी स्वतंत्र उपक्रम मंजूर झाला आणि त्याचा समन्वय कक्ष भारतात ठेवायचे ठरले. म्हणजे यजमानपद आपण मागून घेतले आहे. आता स्वयंपाकघराकडे पाहू.

तुतारीचे वजन ६० ग्रॅमच्या आसपास. पाठीवर लावायचा टॅग, म्हणजे माग काढणारे यंत्र, वजनाच्या तीन टक्क्यांहून जड नसावा, हा सर्वमान्य दंडक. म्हणजे दोन ग्रॅमच्या आत. पक्षी परत कुठल्या वाटेने जातो हे कळायला हवे असेल, तर टॅग निघण्याआधी, फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये लावावा लागतो. हे पक्षी रात्री, बारीक जाळ्यांत धरतात. चांदणे असले की जाळे दिसते आणि पक्षी वरून निघून जातो. म्हणून पौर्णिमेचे उधाण असूनही उपयोगाचे नाही. अमावास्येला मात्र अंधार आणि उधाण दोन्ही जुळतात: भरतीचे पाणी चिखल झाकते आणि पक्षी उरलेल्या थोड्या कोरड्या जागेवर गोळा होतात. भांगाच्या, म्हणजे कमी भरतीच्या, दिवसांत चिखल उघडाच राहतो, पक्षी विखुरलेले, हाती काही लागत नाही. हिशेब सरळ आहे. वर्षाला तीन अमावास्या, प्रत्येकीच्या आगेमागे चार-पाच रात्री. त्यांतल्या एक-दोन वाऱ्यात गेल्या की संपले.

याच तीन महिन्यांत ३१ मार्च येतो. अनुदानाच्या शून्य शिलकीच्या खात्यात पैसे नसतात, फक्त खर्चाची मर्यादा असते; न वापरलेली मर्यादा त्या रात्री संपते. पुढच्या हप्त्यासाठी सरकारी वित्तीय नियमांतल्या (जीएफआर) १२-अ नमुन्यातले उपयोगिता प्रमाणपत्र, खर्चाचे विवरण, व्याज परत भरल्याची पावती असे सगळे जाते आणि मंजुरी हातात पडते तोवर पावसाळा दाराशी असतो. एप्रिलची अमावास्या उधारीवर काढावी लागते. होडीवाल्या कोळ्याला उधारी चालेलही, पण त्याच्याकडे जीएसटीचे बिल नसते, आणि बिल नाही म्हणून लेखापरीक्षक तो खर्च अमान्य करतात. होडीच्या भाड्यासाठी साध्या पावतीची मर्यादा ठरवून द्यावी, एवढी छोटी सुधारणाही अनेक संशोधन तुकड्यांचे काम सुकर करील.

हे झाले एका देशाचे. दोन देश आले की पंचांगे दोन होतात. श्रीलंकेचे आर्थिक वर्ष जानेवारीत सुरू होते, बांगलादेशाचे जुलैत, आपले एप्रिलमध्ये. आपल्या द्विपक्षीय योजनांची नेहमीची पद्धत 'ज्याचा खर्च त्याने करावा' अशी. कागदावर ती समान दिसते. प्रत्यक्षात एका बाजूची मंजुरी आली की दुसरीची यायची असते, आणि दोन्ही येईपर्यंत एक हंगाम जातो. तीन वर्षांच्या प्रकल्पात एक हंगाम म्हणजे एक तृतीयांश माहिती. शिवाय जिथे संशोधनाचे अंदाजपत्रकच तोकडे, तिथला सहकारी स्वतःच्या वाट्याचा खर्च आणणार कुठून? मग तो नावापुरता सहलेखक उरतो आणि त्याच्या किनाऱ्यावरचे काम होतच नाही.

तिसरी अडचण मोजणीच्या पद्धतीची, आणि तिच्यावर कोणी पैसा ठेवत नाही. मुंबईकडे उधाणाला पाणी चार मीटरहून अधिक चढउतार करते, म्हणून भरतीच्या वेळी एकवटलेले पक्षी मोजणे ही इथली रूढ रीत. भारत-श्रीलंकेमधल्या मन्नारच्या आखातात भरती-ओहोटीचा फरक मीटरभरही नसतो. तिथे पक्षी एकवटतच नाहीत. तिथल्या, श्रीलंकेतल्या वंकालईच्या पाणथळीत आपली पद्धत जशीच्या तशी वापरली तर आकडा फसवा येणार. चिखलातल्या किड्यांचेही तेच. एका तुकडीने अर्ध्या मिलिमीटरच्या चाळणीने गाळले आणि दुसरीने एक मिलिमीटरच्या, तर दुसरीच्या हातून बारीक वलयांकित कृमी निसटून जातात. मग 'तिकडे खाद्य कमी' असा निष्कर्ष निघतो, तो खरे तर चाळणीचा असतो. म्हणून पहिले सहा महिने फक्त पद्धत जुळवायला द्यावेत: दोन्ही तुकड्यांनी एकमेकांच्या चिखलात उभे राहून, त्याच व्यासाच्या नळीने, तितक्याच खोलीवरून नमुने घ्यावेत आणि एकाच चाळणीतून गाळावेत. या काळात शोधनिबंध निघणार नाहीत. मूल्यमापन समितीला हे आधीच सांगून ठेवावे लागेल, नाहीतर पहिल्याच आढाव्यात प्रकल्पावर लाल शेरा पडेल.

आता उपकरणे. टॅगमध्ये लिथियम बॅटरी आणि रेडिओ प्रक्षेपक, दोन्ही असतात. त्यामुळे आयातीच्या वेळी विमान कंपनीची घातक मालाची कागदपत्रे लागतात आणि दूरसंचार खात्याच्या वायरलेस शाखेची उपकरण मंजुरीही. ही मंजुरी माल निघण्याआधी हातात नसेल तर खोका सीमाशुल्काच्या गोदामात पडून राहतो. सौर टॅग अंधारात महिनोन्‌महिने राहिला की बॅटरी पूर्ण उतरते, आणि पूर्ण उतरलेली लिथियम बॅटरी बहुधा पुन्हा नीट भरत नाही. लाखाच्या घरातली वस्तू पक्ष्याच्या पाठीवर जाण्याआधीच निकामी. उपाय खर्चाचा नाही: मंजूर प्रकल्पांच्या टॅगांना वर्षभरासाठी एकच वायरलेस मंजुरी द्यावी आणि सीमाशुल्काकडे प्रकल्पाचा क्रमांक आधी पोचवावा. टॅग मोबाइल जाळ्यावर चालणारा असेल तर सीमेपलीकडच्या रोमिंगचा खर्चही धरावा. तो अंदाजपत्रकात बहुतेक वेळा विसरला जातो.

नमुने पाठवणे हा याहून मोठा घोळ. सगळे फ्लेमिंगो वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराविषयीच्या साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत. त्यांचे एक पीस किंवा रक्ताचा थेंब सीमा ओलांडणार असेल तर परवाना लागतो. जैविक विविधता कायदा २००२ च्या कलम ५ मध्ये सरकारमान्य सहयोगी संशोधनाला सूट आहे, पण प्रकल्प त्या सुटीत बसतो असे लिहून कोणी द्यायचे, यावर फाइल फिरत राहते. ते वाक्य मंजुरीपत्रातच छापावे. आमच्याकडूनही एक पथ्य: रक्त अल्कोहोलमध्ये न ठेवता कोरड्या कागदी पट्टीवर घ्यावे. अल्कोहोलला हवाई वाहतुकीत कुपीमागे ३० मिलिलिटरची मर्यादा आणि वेगळे आवरण लागते. पट्टीला यांतले काही लागत नाही. बर्ड फ्लूच्या तपासणीचे नमुने मात्र या सोप्या वाटेने जाऊ देऊ नयेत. त्यासाठी भोपाळची राष्ट्रीय प्रयोगशाळा आहे, आणि ती जगाच्या पातळीवरची संदर्भ प्रयोगशाळा असल्याने शेजाऱ्यांनाही उपयोगी पडू शकते.

पैसा एकत्र ठेवायचा कुठे? सार्कचे नाव घेण्यात अर्थ नाही. २०१४ च्या काठमांडूनंतर शिखर बैठक झालेली नाही. बंगालच्या उपसागराभोवतीच्या देशांच्या बिमस्टेक गटात आपल्याबरोबर श्रीलंका, बांगलादेश, नेपाळ, भूतान, म्यानमार आणि थायलंड आहेत, सचिवालय ढाक्यात आहे. कोलंबोत १९८२ पासून दक्षिण आशियाई सहकारी पर्यावरण कार्यक्रमाचे कार्यालय आहे. नवे कार्यालय उघडण्याची गरज नाही. पाटी, गाडी आणि संचालक नेमण्यातच तीन वर्षे जातील. यांतल्या एका ठिकाणी स्वतंत्र खाते असावे. अर्ज एक, परीक्षक मंडळ एक, निर्णयाची तारीख एक. कोणत्या देशाने किती घातले त्या प्रमाणातच त्याला परत मिळावे, ही अट नसावी. ती घातली की सामायिक थैलीच्या पुन्हा वेगवेगळ्या थैल्या होतात.

हे अशक्य नाही, याला चिखलपट्ट्याचाच दाखला आहे. डेन्मार्क, जर्मनी आणि नेदरलँड्स वाडन समुद्राच्या चिखलावर १९७८ पासून एकत्र काम करतात. १९८२ मध्ये संयुक्त जाहीरनामा झाला आणि १९८७ पासून विल्हेल्म्सहाफेनला सामायिक सचिवालय आहे. आपण त्यांच्याइतके श्रीमंत नाही हे खरे. पण मोजणीची एक पद्धत ठरवायला श्रीमंती लागत नाही.

पाकिस्तानबद्दल आज निधीची देवाणघेवाण शक्य नाही, हे आम्हांला कळते. कच्छच्या रणातला पक्षी सरहद्दीचा खांब पाहून वळत नाही, तरीही तिथे पैशाचा आग्रह आम्ही धरत नाही. दोन्हीकडच्या जानेवारीतल्या पाणपक्षी गणनेचे आकडे एकाच खुल्या साठ्यात, एकाच नमुन्यात जमा होत राहावेत, एवढे पुरे. बांगलादेशाशी संबंध तणावाचे असले तरी सोनादिया बेटाचे काम थांबवू नये. चमच्यासारख्या चोचीची तुतारी जगात काहीशेच उरली आहे आणि तिच्या हिवाळी मुक्कामांपैकी एक तिथे आहे. तिथल्या होडीमालकाला किंवा प्रयोगशाळेला पैसे देताना खरेदी विभाग भारताशी भू-सीमा असलेल्या देशांतून खरेदीवर निर्बंध घालणारा २३ जुलै २०२० चा आदेश पुढे करतो. बांगलादेशासारख्या ज्या देशांना भारताने पतपुरवठा केला आहे त्यांना त्यातून सूट आहे. ही सूट संशोधन संस्थांच्या खरेदी कक्षांना एका परिपत्रकाने कळवावी.

रक्कम: भारत, श्रीलंका आणि बांगलादेश मिळून तीन वर्षांचा पथदर्शी कार्यक्रम, एकूण नऊ कोटी रुपये. त्यांत मनुष्यबळ तीन कोटी, होड्या व क्षेत्रकाम दोन कोटी, टॅग व उपकरणे दीड कोटी, नमुना तपासणी एक कोटी, माहितीचा साठा व तो सांभाळणारी माणसे एक कोटी, राखीव पन्नास लाख. माहितीच्या कोटीला कात्री लावू नये. प्रकल्प संपला की टॅगांचे आकडे कोणाच्या तरी लॅपटॉपवर राहतात आणि लॅपटॉप बदलला की जातात. ही गळती याच पैशाने बुजते.

वेळापत्रक असे हवे: अर्ज एप्रिलमध्ये, निर्णय जुलैत, पहिला हप्ता सप्टेंबरच्या आत. ३१ मार्चला उरलेली रक्कम ३० जूनपर्यंत वापरण्याची मुभा मंजुरीपत्रातच द्यावी आणि उपयोगिता प्रमाणपत्र जुलैत मागावे. यासाठी वित्त मंत्रालयाची संमती लागेल. ती आताच मागितली, तर येत्या फेब्रुवारीच्या अमावास्येला जाळी लावता येतील.

आपले,
ठाणे खाडीवर काम करणारे काही संशोधक व पक्षी-अभ्यासक
ठाणे – ऐरोली