तारखा बघा, मग नटाला बोल लावा

संपादक महोदय,

नागपुरात घरच्या पैशांनी चित्रपट करणाऱ्यांची एक तक्रार कायम ऐकू येते. नट ऐन वेळी येत नाहीत, फोन उचलत नाहीत, निम्म्या शूटिंगनंतर दाढी काढून उभे राहतात. तक्रार खोटी नाही, पण यातली बरीच फजिती कॉलशीट, म्हणजे कुणी कधी आणि कुठे यायचं याचा रोजचा कागद, निघण्याआधीच टाळता येते.

इथला नट बहुधा पूर्णवेळ नट नसतो. तो शाळेत शिकवतो, बँकेत बसतो, बुटीबोरीला कारखान्यात पाळीवर जातो, नाहीतर झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भातल्या हंगामी नाटकांत, असतो. झाडीपट्टीचा हंगाम साधारण दिवाळी ते होळी. प्रयोग रात्री उभा राहतो तो पहाटेपर्यंत चालतो, आणि या नाटकांचं केंद्र असलेलं वडसा नागपूरहून सुमारे तीन तासांवर. छायालेखकाला हवा असलेला हिवाळ्याचा कोवळा उजेड नेमका याच महिन्यांत पडतो. जागरण करून आलेल्या माणसाला सकाळी सहाचा कॉल दिला तर तो येत नाही. आला तरी संवाद अडखळतात. अशा नटाकडून प्रयोगांची यादीच मागून घ्यावी आणि त्याची सगळी दृश्यं होळीनंतर सलग लावावीत. शिक्षकाला परीक्षांच्या दिवसांत आणि बँकेतल्याला मार्चअखेरीस धरूच नये. मे महिन्यात पारा 45 च्या आसपास असतो, तेव्हा बारा ते चार फक्त छपराखालचं काम.

निवडीच्या वेळी अभिनयाबरोबर हजेरीही तपासावी. दुसरी ऑडिशन मुद्दाम रविवारी सकाळी सातला ठेवावी, दोन पानं पाठ करायला द्यावीत. उशीर झाला तर त्याने आधी कळवलं का, एवढंच बघावं. ‘येतो न भाऊ’ याला होकार समजू नये. तारीख, वेळ, ठिकाण त्याने स्वतः लिहून पाठवलं तर तो होकार. महत्त्वाच्या भूमिकेसाठी पर्यायी नट वाचनाला बसवावा, पण तू पर्यायी आहेस हे त्याला तोंडावर सांगून.

पैशांचं म्हणाल, तर मानधन नसलं तरी येण्याजाण्याचा खर्च आणि जेवण त्याच दिवशी चुकतं करावं. मानधन असेल तर काही सही करताना, मोठा भाग शूटिंगच्या दिवसांत आणि साधारण पाचवा हिस्सा डबिंग झाल्यावर. तो हिस्सा राखला नाही तर डबिंगला माणूस हाती लागत नाही. सगळंच शेवटी देऊ म्हणणाऱ्याचा नट मध्येच दुसरं काम धरतो, आणि त्यात त्याचं फारसं चुकतं असं वाटत नाही.

करार मात्र हवाच. त्याने नट बांधला जातो, हा भ्रम आहे. कुणाला अभिनय करायला न्यायालय भाग पाडत नाही; फार तर भरपाई मागता येते, आणि छोट्या मानधनासाठी दावा लढणं वकिलाच्या फीलाही परवडत नाही. कराराचा खरा उपयोग वेगळा आहे. कॉपीराइट कायद्याच्या कलम 38अ प्रमाणे, नटाने आपलं काम चित्रपटात घ्यायला लेखी संमती दिली आणि उलट काही ठरलेलं नसलं, तर निर्मात्याच्या वापराला तो पुढे हरकत घेऊ शकत नाही. व्यावसायिक वापराच्या रॉयल्टीचा त्याचा हक्कही त्याच कलमात आहे, तोही करारात नमूद करावा. ही सही पहिल्या शॉटआधी घ्यावी. रुसून गेलेला नट नंतर सही देत नाही आणि चित्रपट विकताना पहिल्यांदा हीच कागदपत्रं मागितली जातात. केस-दाढी न बदलण्याची अट, डबिंगचे दिवस, गरज पडल्यास दुसऱ्याचा आवाज वापरण्याची परवानगी, हेही त्याच कागदावर.

भरवसा नसलेला नट सेटवर आला की नेहमीचा क्रम मोडावा. दोघे एकत्र दिसतील असा अख्ख्या दृश्याचा एक शॉट, म्हणजे मास्टर, आणि लगेच त्याचे क्लोज, म्हणजे चेहऱ्याचे जवळचे शॉट, सगळ्या संवादांसकट. समोरच्याचे क्लोज नंतरही होतात. सजेशनला, म्हणजे समोरच्याच्या शॉटमध्ये याची नुसती पाठ दाखवायला, त्याच उंचीच्या माणसाला तोच शर्ट घालून उभं केलं की पाठ आणि खांदा भागतो. पॅकअपआधी त्याच जागी कॅमेरा बंद ठेवून त्याचे सगळे संवाद रेकॉर्ड करावेत, वर अर्धा मिनिट त्या जागेची नुसती शांतता. डबिंगला तो उगवलाच नाही तर हाच आवाज कामी येतो.

कपडे नटाच्या घरी पाठवू नयेत. दोन जोड शिवावेत आणि दोन्ही सहायकाच्या ताब्यात ठेवावेत. घड्याळ, अंगठी, केसांचा भांग यांचे चारी बाजूंनी फोटो रोज काढावेत. मनगटावर मध्येच पूजेचा दोरा येतो आणि अख्खं दृश्य जुळत नाही!

रोजच्या यादीत त्या नटाशिवाय होणारं, त्याच लोकेशनवरचं एक दृश्य तयार असावं. तासभर वाट पाहून ते सुरू करावं. पहिल्या दोन दिवसांतच दोनदा दांडी पडली तर तिथेच माणूस बदलावा, कारण तोवर झालेलं थोडं काम पुन्हा करता येतं. बरंच झाल्यावर तो गेला तर पात्र फोनवरच्या आवाजापुरतं उरवता येतं, किंवा त्याचं बोलणं दुसऱ्या पात्राच्या तोंडी घालता येतं.

निर्मात्यांनी एक स्वतःपुरतंही तपासावं. सहाला बोलावलेल्या नटाचा पहिला शॉट दुपारी एकला लागत असेल, तर तिसऱ्या दिवसापासून तो साडेबाराला येणारच. कॉलशीटवर प्रत्येकाच्या नावापुढे त्याची वेगळी वेळ लिहावी आणि ती आदल्या संध्याकाळी सातपर्यंत पाठवावी.

— एक चित्रपटकर्मी, नागपूर