कुठे धरू, असे विचारणाऱ्या घड्याळजी काकांस

आदरणीय काका,

सादर नमस्कार.

हे पत्र दुकानात येऊन आपल्या हाती देता आले असते. पण आपण ते घडी करून गल्ल्यात ठेवले असते आणि "अहो, त्यात काय एवढे" म्हणून विषय संपवला असता, एवढे मी आपल्याला आता ओळखतो. म्हणून ते चारचौघांत लिहीत आहे. आपले नाव आणि दुकानाचा पत्ता मात्र लिहीत नाही, कारण ते आपल्याला रुचणार नाही.

मी दुरुस्तीला आणलेले छोटे, नमुन्याचे इंजिन बार्शी लाइट रेल्वेचे आहे, एवढेच त्या दिवशी सांगणे झाले. "कोणती हो ती?" असे आपण विचारलेत आणि तेवढ्यात घड्याळाचा पट्टा बदलून घेणारे गिऱ्हाईक आले, तेव्हा राहिलेले उत्तर आधी देतो.

आजच्या कुर्डुवाडीला पूर्वी बार्शी रोड म्हणत. तेथून बार्शीपर्यंतची अरुंद मार्गाची गाडी 1897 मध्ये सुरू झाली. पुढे 1906 मध्ये ती पंढरपूरला, 1911 मध्ये लातूरला आणि 1927 मध्ये मिरजेला पोहोचली. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने ती आखली. दोन रुळांतील अंतर अवघे अडीच फूट, आणि कोणत्याही धुरीवर, म्हणजे चाकांची जोडी जोडणाऱ्या आसावर, पाच टनांहून अधिक भार येऊ द्यायचा नाही, असा त्याचा दंडक होता. इंजिन असो, डबा असो की मालाची वाघीण, भार सर्व धुरींवर सारखा वाटला की हलक्या रुळांवरूनही पुष्कळ माल नेता येतो, हे त्याला दाखवून द्यायचे होते. भारतात पाठवण्यापूर्वी त्याने लीड्सजवळ मुद्दाम रूळ टाकून या गाड्या जाणकारांसमोर चालवून दाखवल्या होत्या. (याच गृहस्थाने पुढे विमानातून उडी मारण्याची हवाई छत्रीही तयार केली. आमच्या पंढरपूरच्या गाडीचा आणि छत्रीचा कर्ता एकच, हे ऐकून वडील अजूनही हसतात.) वडिलांची सारी नोकरी कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये डब्यांच्या पोटाखाली गेली. 2000 नंतरच्या दशकात हा मार्ग टप्प्याटप्प्याने ब्रॉडगेज झाला. लोकांची सोय झाली, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण वडिलांनी ज्यांच्या खाली आयुष्य काढले ते डबे एकदा चालताना पुन्हा पाहावेत, या इच्छेने मी घराच्या माळ्यावर त्या मार्गाचा एक तुकडा छोट्या प्रमाणात उभारू लागलो.

छोट्या रेल्वेच्या छंदात 1:87 हे प्रमाण, ज्याला एचओ म्हणतात, सर्वाधिक रूढ आहे. आपल्याकडच्या ब्रॉडगेजची त्यात पंचाईत होते; 1676 मिलिमीटरला 87 ने भागले तर रुळांतील अंतर 19 मिलिमीटरहून थोडे अधिक यायला हवे, आणि बाजारात मिळतो तो 16.5 मिलिमीटरचा रूळ, कारण तो युरोपातील मार्गाच्या मापावरून ठरलेला आहे. माथेरानच्या दोन फुटी गाडीला बरोबर 7 मिलिमीटर लागतात, तेही सहजी मिळत नाहीत. बार्शी लाइटच्या 762 मिलिमीटरचे मात्र 8.76 होतात, आणि एन गेज या आणखी छोट्या प्रमाणाच्या गाड्यांचा 9 मिलिमीटरचा रूळ कुठल्याही चांगल्या दुकानात मिळतो. "पाव मिलिमीटरचा फरक विठोबालासुद्धा दिसायचा नाही," असे वडिलांचे मत आहे. रूळ असा आयता मिळाला, बाकी सगळे हाताने करावे लागले. मोडनिंबच्या धर्तीवरचे छोटे स्टेशन, त्यामागे पायपुसण्याच्या काथ्यातून उभे केलेले ज्वारीचे रान, वाळलेल्या तुऱ्यांच्या बाभळी, चाळणीतून गाळलेल्या खडीचा रूळमार्ग, प्लास्टिकच्या पातळ पत्र्याचे डबे आणि वाघिणी. एफ वर्गाच्या 2-8-2 (पुढे दोन, मध्ये आठ आणि मागे दोन चाकांच्या) इंजिनाचे धड मी पितळेच्या पत्र्यातून घडवले आणि ते एका परदेशी एन गेज इंजिनाच्या चेसिसवर, म्हणजे मोटर आणि चाके असलेल्या सांगाड्यावर, बसवले. त्याच्या अंगावरच्या दांड्या 0.3 मिलिमीटर तारेच्या आहेत, ड्रायव्हरने चढायच्या पायऱ्या त्याहूनही नाजूक. या कामात महिने कसे जातात ते सांगून कोणाला पटत नाही, म्हणून सांगत नाही.

इंजिन थोडे दिवस झकास धावले आणि मग लंगडू लागले. चाकांची एक फेरी पूर्ण झाली की एक हिसका, पुन्हा फेरी, पुन्हा हिसका. वडील खुर्चीत बसून पाहत आणि काही बोलत नसत, ते मला अधिक लागे.

आपल्याकडे येण्याआधी मी कोणाकोणाकडे गेलो, हे लिहिल्याशिवाय या पत्राला अर्थ नाही. मोठ्या शहरातील एका छंदसाहित्याच्या दुकानाने इंजिन ठेवून घेतले, अनेक महिने फोनवर "पुढच्या आठवड्यात" म्हटले, आणि शेवटी वर्तमानपत्रात गुंडाळून परत दिले, तेव्हा एक पायरी तुटलेली होती, उजव्या बाजूची दांडी वाकलेली होती आणि सल्ला असा होता की नवीन चेसिस घ्या. दुसऱ्या एका दुरुस्तीवाल्याने शिलाई मशीनचे तेल इतके ओतले की ते चाकांवर आणि रुळांवर उतरले. चाकावर तेल आले की त्याला धूळ चिकटते आणि रुळातून मोटरला वीज मिळेनाशी होते, हे ज्याला ठाऊक नाही त्याने या यंत्राला हात घालू नये. तिसरे गृहस्थ परिचयातले, यंत्रशास्त्राचे पदवीधर. त्यांनी इंजिन छपरापाशी चिमटीत पकडून उचलले, "खेळण्यासाठी एवढा खटाटोप?" असे विचारले आणि माझ्या तोंडून शब्द निघण्याआधी बोटाने चाके गरकन फिरवली. मोटरच्या दांड्यावर मळसूत्री दात असतात. त्या दातांनी चाक फिरते, पण चाकाने मोटर फिरत नाही, आणि जोर केला तर प्लास्टिकचे दातेरी चाक मार खाते. पदवीच्या कोणत्या वर्षाला हे शिकवतात ते मला माहीत नाही, पण शिकवतात खास.

अशा मनःस्थितीत, खरे सांगायचे तर फारशी आशा न ठेवता, मी आपल्या दुकानाची पायरी चढलो. वडिलांचे एचएमटी घड्याळ वर्षानुवर्षे आपल्या हाताखालून गेलेले, एवढाच काय तो आधार. मी डबी उघडून काउंटरवर ठेवली. आपण आत डोकावून पाहिलेत, पण हात पुढे केला नाहीत. उठलात, मागच्या मोरीवर साबणाने हात धुतलेत, स्वतःच्या रुमालाला कोरडे केलेत, काउंटरवर पांढरा कागद अंथरलात, बसलात, आणि मग माझ्याकडे पाहून विचारलेत, "कुठे धरू?"

काका, या दोन शब्दांनी माझे काय झाले ते मी त्या क्षणी लपवले, पण आता लिहितो. माझ्या घशात आवंढा आला. ज्याने ही वस्तू घडवली त्यालाच तिची नाजूक जागा माहीत असते; ती उचलायची ती खालच्या चौकटीच्या दोन्ही टोकांना धरून, दांड्यांना आणि पायऱ्यांना बोट न लावता, हे या छंदातल्या कोणालाही विचारले असते तरी त्याने सांगितले असते. पण विचारणारा कोणी भेटलाच नव्हता. ज्यांचे काम हेच आहे त्यांनी विचारले नाही, आणि ज्यांनी असे इंजिन जन्मात पाहिले नव्हते त्या आपण विचारलेत. घड्याळाच्या केसाएवढ्या स्प्रिंगा चिमट्याने उचलणाऱ्या माणसाचा हात इंजिनाला धक्का लावील, अशी भीती कोणालाही वाटली नसती. तरीही आपण गृहीत धरले नाहीत. मी दाखवले, तसेच आपण धरलेत, आणि डोळ्याला भिंग लावण्याऐवजी इंजिन आधी कानाशी नेऊन मला म्हणालात, "चालवा हळू." मी बॅटरीच्या तारा चाकांना टेकवल्या. फेरीगणिक एकदाच अडखळते आहे, म्हणजे दोष एकाच दातेरी चाकात आहे, मोटरमध्ये नाही, हे आपण डोळे मिटून सांगितलेत. मग भिंगाखाली ती चीर सापडली, धुरीवर घट्ट बसलेल्या त्या चिमुकल्या चाकाला गेलेली, जिच्यामुळे तिथल्या दोन दातांमधली फट वाढली होती.

पुढे आपण काय काय केलेत ते मी निम्मे पाहिले आणि निम्मे मला समजले नाही, त्यामुळे त्याचे वर्णन करत नाही. एक मात्र नोंदवतो. जुने तेल काढायला आपण सवयीने पेट्रोलच्या वाटीकडे हात नेलात, थांबलात आणि विचारलेत, "हे प्लास्टिक आहे, याला पेट्रोल सोसेल का?" आयुष्यभर ज्या कामात हात बसला आहे त्या कामात असा प्रश्न विचारायला मोठेपणा लागतो, आणि तो प्रश्न न विचारणाऱ्यांची मी वर केलेली यादी आपण वाचली आहेच. शेवटी सुईच्या टोकावर घेतलेला तेलाचा एवढासा थेंब आपण जिथे हवा तिथेच ठेवलात.

पैसे घेतलेत, हेही बरे केलेत. "राहू द्या, हौसेचे काम आहे" असे आपण म्हणाला असता तर मला ते उपकारासारखे वाटले असते. आपण घड्याळाच्या दुरुस्तीचा जो दर लावता तोच लावलात आणि पावतीवर सहा महिन्यांची हमीही लिहून दिलीत. हौसेच्या कामाला कामाचा मान देण्याची ही रीत फार थोड्यांना साधते.

वडिलांना मी आधी इंजिन चालवून दाखवले आणि मग दुकानातली हकीकत सांगितली. इंजिन पाहून त्यांनी मान डोलावली. हकीकत मात्र त्यांनी पुन्हा सांगायला लावली. मग म्हणाले, "वर्कशॉपात नवीन पोरगा आला की आम्ही बघायचो, तो डब्याला पहिला हात कुठे लावतो. जो लावायच्या आधी विचारी, तो टिके." आपली चौकशी करताना त्यांनी आपले वय, गाव आणि गुरू कोण, हे सर्व विचारले, मला त्यातले काहीच सांगता आले नाही, तेव्हा या तीन उत्तरांची उधारी आपल्याकडे आहे.

तेव्हापासून मी माणसांकडे जरा वेगळ्या नजरेने पाहू लागलो आहे. इंजेक्शनची सुई टोचण्याआधी "कोणत्या हातावर देऊ?" असे म्हाताऱ्यांना विचारणारी परिचारिका, झाडाची फांदी छाटण्याआधी घरमालकाला हाक मारणारा वीज मंडळाचा कामगार, ग्रंथालयातील जुने पुस्तक देताना "बांधणी सैल आहे, सपाट ठेवून वाचा" असे सांगणारे ग्रंथपाल, ही सगळी माणसे आपल्या अवतीभवती असतात, आणि त्यांना कोणी आभाराची पत्रे लिहीत नाही. ती फार बोलत नाहीत, म्हणून त्यांच्याकडे लक्ष जात नाही, आणि "आमच्याकडे सर्व प्रकारची दुरुस्ती होते" असे मोठ्या अक्षरांत लिहिणाऱ्यांकडे आपण आपली जपलेली वस्तू घेऊन जातो. माझ्या छंदातल्या मित्रांना माझे सांगणे आहे की आपल्या गावातला घड्याळजी शोधा. मनगटावरच्या घड्याळांची जागा मोबाइलने घेतल्यापासून ही दुकाने एकामागून एक बंद होत आहेत, आणि आपल्या छोट्या इंजिनांना लागणारे हात, भिंग आणि धीर ही तिन्ही याच दुकानांत आहेत.

आता एक काम आणि एक आमंत्रण. आषाढीपूर्वी मला पंढरपूरच्या यात्रेची खास गाडी सजवायची आहे. दोन सेंटिमीटर उंचीचे वारकरी पत्नी रंगवत आहे, पताका झाल्या आहेत, आणि स्टेशनाच्या भिंतीवर घड्याळ तेवढे राहिले आहे. बायकांच्या लहानात लहान घड्याळाची तबकडी आणून पाहिली, तर या प्रमाणात ती माणसाच्या खांद्यापर्यंत येते. पाच-सहा मिलिमीटरची, चालत नसली तरी चालेल, अशी काही वस्तू आपल्या मोडीच्या डब्यात निघाली तर बाजूला ठेवावी. तिचाही दर नेहमीचाच लावावा.

आमंत्रण असे की रविवारी आपले दुकान बंद असते, तेव्हा एका रविवारी सकाळच्या गाडीने सोलापूरहून कुर्डुवाडीला यावे. मी स्टेशनवर न्यायला येईन. नातवाला सोबत आणावे. गाडीचा वेग कमी-जास्त करण्याचे बटण दिवसभर त्याच्या ताब्यात राहील, असे वडिलांनी माझ्या वतीने कबूल करून टाकले आहे. जेवायला थांबावे लागेल. शेंगाची चटणी आणि कडक भाकरी सोलापूरकरांना वाढण्याचे धाडस आई करणार आहे, तेव्हा नावे ठेवू नयेत, ही विनंती.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
बार्शी लाइटचा एक जुना प्रवासी