दादाभाई नौरोजी मार्गावरच्या कमानी वाचवा

महोदय,

फोर्टमधल्या वारसा इमारतींचा विषय निघाला की सीएसएमटी, महापालिका मुख्यालय, विद्यापीठ हीच नावे पुढे येतात. दुकानांसाठी बांधलेल्या इमारतींकडे सहसा कुणाचे लक्ष जात नाही. दादाभाई नौरोजी मार्गावरची व्हाइटअवे लेडलॉ कंपनीची इमारत घ्या. साहेबलोकांना विलायती कपडे आणि घरसामान विकणाऱ्या या पेढीच्या वास्तूत स्वातंत्र्यानंतर खादी भांडार आले. स्वदेशीची कथा सांगणारी याहून बोलकी इमारत मला तरी मुंबईत दिसत नाही.

या रस्त्याचे खरे वैभव मात्र तळमजल्यावर आहे. १८६०च्या दशकात किल्ल्याचा तट पडला, तेव्हाचा हॉर्नबी रोड पुढे रुंद झाला आणि १८९६च्या नियमाने इथल्या प्रत्येक इमारतीला पादचाऱ्यांसाठी कमानींचा मार्ग ठेवणे बंधनकारक झाले. मालक निरनिराळे, कुठे गॉथिक शैली तर कुठे नवअभिजात, तरीही सगळा रस्ता एका हाताने बांधल्यासारखा वाटतो तो या कमानींमुळे. भर जुलैत स्टेशनवरून हुतात्मा चौकाकडे निघालेल्या नोकरदाराला छत्री उघडावी लागते ती गल्ल्या ओलांडण्यापुरती. आजचे किती बिल्डर पायी चालणाऱ्याचा एवढा विचार करतात?

काही वर्षांपूर्वी वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांच्या आराखड्यानुसार इथल्या दुकानांच्या पाट्या कमानीच्या आत, बेताच्या आकारात आणल्या गेल्या. दुकानदारांनीही साथ दिली होती. आता ती शिस्त पुन्हा सुटते आहे. परवा एका खांबापाशी थांबून पाहिले, तर पाटीच्या लोखंडी अँगलसाठी दगडाला भोके पाडलेली आणि गंजाचे ओघळ थेट कोरीव पानांवर उतरलेले. शेजारी एसीचे पाणी ठिबकत होते, वायरींचे भेंडोळे लोंबत होते. असा पोखरलेला दगड पुन्हा पहिल्यासारखा होत नाही.

फेरीवाल्यांना हुसकावून लावा, असे माझे म्हणणे नाही. त्यांनाही पोट आहे. खांबांच्या एका बाजूला जागा आखून दिली तर दोन माणसे शेजारी-शेजारी सहज चालू शकतील. महापालिकेने नव्या पाटीला परवानगी देताना ती कशी आणि कुठे बसवणार, याचे रेखाचित्र मागावे. दगडात खिळा ठोकणाऱ्याला दंड करावा. आणि पावसाळ्याआधी या कमानींच्या छतांची तपासणी व्हावी. काही ठिकाणी गिलावा सुटून आतले लोखंड उघडे पडले आहे आणि त्याखालून रोज हजारो माणसे जातात.

– एक नियमित वाचक, डोंबिवली