नळाचे पाणी उलटे फिरू नये म्हणून

संपादक महोदय,

कलमांवर फवारणी सुरू होण्याआधी हे लिहिणे गरजेचे वाटते. 200 लिटरचा ड्रम भरताना नळाची नळी ड्रमात तळापर्यंत सोडलेली असते. तेवढ्यात गावाच्या नळयोजनेचे पाणी बंद झाले आणि उताराखालच्या घरात कोणी नळ उघडला, की वरच्या वाडीच्या पाइपातले पाणी खाली धावते, मागे पोकळी होते आणि ड्रममधले औषध ओढले जाऊन गावाच्या लाइनीत शिरते. दुसऱ्या दिवशी ते कोणाच्या हंड्यात पडेल ते सांगता येत नाही. दहा मीटर उंचीला साधारण एक किलो (दर चौरस सेंटीमीटरला) दाब, त्यामुळे आपल्या डोंगरउतारावरच्या वाड्यांत ही ओढ चांगलीच जोरात असते. आणि औषध पाणी उकळून किंवा टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकून जात नाही. नळीचे तोंड ड्रमच्या काठाच्या वीतभर वर बांधले, तर मधल्या हवेमुळे काहीच ओढले जात नाही. बादलीत बुडवून ठेवलेला जेट किंवा हँडशॉवर हाही तोच प्रकार.

याहून मोठी चूक म्हणजे विहिरीचा पंप आणि योजनेचा नळ एकाच पाइपला जोडून मध्ये एक व्हॉल्व्ह ठेवणे. एक हॉर्सपॉवरचा पंप सहज दोन-अडीच किलो दाब देतो, वाडीच्या टोकाला नळाचा दाब बहुधा त्याच्या निम्माही नसतो. व्हॉल्व्ह फिरवायचा राहिला किंवा त्याची सील झिजली, की विहीर गावाच्या लाइनीत उपसली जाते. पावसाळ्यात सच्छिद्र जांभ्यातून शोषखड्ड्याचे पाणी विहिरीत उतरलेले असले, तर ते शेजाऱ्यांच्या घरी पोचते. पिण्याच्या पाण्याच्या पाइपाला दूषित होऊ शकणाऱ्या पाण्याचा पाइप जोडू नये, असे भारतीय मानक 2065 स्पष्ट सांगते. दोन्ही पाणी टाकीत वेगवेगळ्या पाइपांनी वरून पडू द्यावे. पाइपाचे तोंड आणि पाण्याची जास्तीत जास्त पातळी यांत पाइपाच्या व्यासाच्या दुप्पट, पण कधीही 25 मिलिमीटरपेक्षा कमी नाही, एवढी मोकळी हवा हवी. आवाज नको म्हणून टाकीत आतून तळापर्यंत सोडलेला पाइप कापून टाका.

एनआरव्ही, म्हणजे पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप, लावला म्हणजे झाले, असे नव्हे. लाल कचरा झडप जिथे टेकते त्या बसकीवर अडकतो, रबर कडक होते, झडप अर्धवट उघडी राहते. त्याआधी जाळी, दोन्ही बाजूंना युनियन (खोलता येणारे जोड), आणि स्टॉपकॉक (पाणी बंद करायची चावी) व एनआरव्ही यांच्या मध्ये अर्ध्या इंची टीवर एक छोटा नळ बसवावा. पाकळीवाला एनआरव्ही आडवा, किंवा पाणी वर चढणाऱ्या उभ्या पाइपातच बसवावा.

तपासणी त्या छोट्या नळावर होते. स्टॉपकॉक बंद करा, टाकीतला फ्लोट कोणाला तरी हाताने खाली दाबून धरायला सांगा आणि छोटा नळ उघडून खाली मग ठेवा. थोडे अडकलेले पाणी पडून थांबले, तर झडप धरते आहे. पाच मिनिटांनीही थेंब पडत राहिले, तर ती उघडून साफ करा, रबर बदला. फ्लोट दाबायला विसरू नका. तो बंद असेल तर वरून हवा न मिळाल्याने पाणी पाइपातच लटकून राहते आणि खराब झडपही चांगली वाटते. सहा मीटर उंच अर्ध्या इंची पाइपात सुमारे एक लिटर पाणी असते. ते सगळे मगात आले, तर झडप अजिबात बसत नाही.

लाइनीत ओढ आहे का, हे पाहायला पाणी गेल्यावर थेट लाइनीवरचा सर्वांत उंच नळ उघडा आणि त्याचे तोंड पिण्याच्या पाण्याने भरलेल्या पेल्यात बुडवा. पातळी खाली गेली, तर ओढ आहेच. विहीर मिसळते का, हे ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडच्या ओटी चाचणीने (पाण्यात क्लोरीन असेल तर रंग पिवळा होतो) कळते: शेजाऱ्याच्या नळाचे पाणी पिवळे होते आणि तुमच्या अंगणातले बिनरंगाचे राहते, तर जोड शोधा. नळाशी किमान 0.2 मिलिग्रॅम प्रतिलिटर क्लोरीन असायला हवे.

मे महिन्यात पाणी कमी आल्यावर नळालाच मोटर लावतात, तीही बंद व्हावी. गटारातल्या गळक्या जोडातून घाण तीच खेचते. ग्रामपंचायतींनी नवी जोडणी देताना हा छोटा नळ आणि टाकीतली मोकळी हवा पाहूनच पाणी सोडावे. जुन्या घरांत विहीर आणि नळ एकत्र असतील, तर पावसाआधी ते वेगळे करून घ्यावेत.

एक नळकारागीर,
रत्नागिरी