ऋताच्या फाइलबद्दल

नाशिक, १४ जून

प्रिय विन्या,

तुझ्या लेकीला बारावीनंतर अमेरिकेतल्या बड्या विद्यापीठांत प्रवेश मिळेल का, असं फोनवर तू विचारलंस तेव्हा मी विषय बदलला, कारण ऋता समोरच बसली होती. तिची मार्कशीटं, निबंधांचे कच्चे खर्डे, वह्या सगळं आता निवांत वाचून झालंय, म्हणून हे पत्र. लांबेल. पण लातूरला संध्याकाळी तुला दुसरा उद्योग तरी काय असतो!

आधी निकाल सांगतो. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी यांपैकी कुठेतरी तिचं होईलच असं धरून घरातला एकही निर्णय घेऊ नकोस. अर्ज मात्र बिनधास्त करू दे. पोरगी त्या तोडीची आहे. अडचण एवढीच की त्या तोडीची पोरं तिथल्या जागांच्या कितीतरी पट असतात.

कॉलेज रोडवरच्या त्या कन्सल्टंटने तुला 'साठ टक्के चान्स' सांगितलाय. मी गणिताचा मास्तर, मला तो आकडा कुठून आला हे काही केल्या कळेना. आपल्याकडे असा हिशेब जमतो, हे खरं. जेईई ॲडव्हान्स्डची रँक आली की जोसाच्या, म्हणजे आयआयटीच्या जागावाटपाच्या, क्लोजिंग रँक उघडायच्या; कुठला कोर्स कितव्या रँकला बंद झाला ते कळतं. मुंबई आयआयटीचं कॉम्प्युटर सायन्स जनरलला शंभराच्या आत बंद होतं हे दिसलं की तीनशेव्या रँकवाला मुकाट दुसरीकडे बघतो. सीईटीच्या कॅप राउंडचंही तेच. तिकडे मुळात अशी यादीच नाही. मार्क आणि सॅट (तिकडची प्रवेशपरीक्षा) हा फक्त उंबरठा. करोनानंतर सॅट बऱ्याच ठिकाणी ऐच्छिक झाली होती, ती एमआयटीने २०२२ मध्ये आणि हार्वर्डने २०२४ मध्ये पुन्हा सक्तीची केली. ऋताचे सराव परीक्षेतले १६०० पैकी १४९० चांगलेच आहेत, पण या ठिकाणांसाठी आणखी पन्नास-साठ वाढायला हवेत, तेही मुख्यतः इंग्रजीत. गणिताची मला काळजी नाही.

आता आकडे. २०२४ च्या प्रवेशासाठी हार्वर्डकडे ५४,००८ अर्ज आले, निवडले १,९३७. एमआयटीकडे २८,२३२ आले, निवडले १,२७५. म्हणजे साडेतीन आणि साडेचार टक्के, आणि एमआयटीत परदेशी मुलांसाठी याहूनही बरंच कमी. शिवाय ही सरासरी सगळ्यांना सारखी लागू होत नाही. प्रवेशात वंश बघण्यावरून हार्वर्डवर झालेल्या ज्या खटल्याचा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये दिला, त्यात आतला बराच कारभार उघड्यावर आला. अभ्यास, उपक्रम, खेळ, स्वभाव अशा प्रत्येक रकान्यात १ ते ६ असा शेरा, १ सगळ्यात वरचा. आणि खेळाडू म्हणून हेरलेली मुलं, माजी विद्यार्थ्यांची मुलं, डीनच्या खास यादीतली, तिथल्याच प्राध्यापक-कर्मचाऱ्यांची: अमेरिकी अर्जदारांत ही सगळी मिळून पाच टक्क्यांहून कमी, आणि निवडलेल्यांत तीस टक्क्यांच्या आसपास! उरलेल्या जागांसाठी उरलेल्यांची झुंबड. (एमआयटी निदान बाप तिथे शिकला का हे बघत नाही.)

तुझा दुसरा मुद्दा: 'दहा ठिकाणी टाकू, कुठेतरी लागेल.' चार टक्क्यांच्या दहा ठिकाणी अर्ज केले तर चाळीस टक्के होत नाहीत. ०.९६ चा दहावा घात काढ, ०.६६ येतो. म्हणजे एक तरी लागण्याची शक्यता चौतीस टक्के, तीसुद्धा दहा निर्णय एकमेकांशी संबंध नसलेले असतील तर. ते तसे नसतात. फाइल तीच, शिफारसपत्रं तीच. एका ठिकाणी जे कच्चं दिसलं ते दहाही ठिकाणी कच्चंच दिसणार.

आणि पैसा. या गोष्टीवर कन्सल्टंट चकार शब्द बोललेला नाही, याचाच मला राग आलाय. हार्वर्डचा वर्षाचा एकूण खर्च ८०,००० डॉलरच्या वर आहे, म्हणजे सत्तर लाखांच्या वर. तुझा बँकेचा पगार आणि निफाडची द्राक्षं यांत ते बसत नाही, हे तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. वर सांगितलेल्या चार ठिकाणी आणि ॲमहर्स्ट, डार्टमथ, बोडन अशा मोजक्या कॉलेजांत परदेशी मुलाने मदत मागितली म्हणून अर्ज मागे टाकत नाहीत, आणि निवड झाली तर गरजेइतकी मदत देतात. बाकी बहुतेक ठिकाणी, अगदी स्टॅनफर्डलासुद्धा, परदेशी मुलाने मदत मागितली की ती गोष्ट निर्णयात धरली जाते. 'आत्ता मागायला नको, आत गेल्यावर बघू' असला सल्ला कोणी दिला तर ऐकू नकोस. अर्जाच्या वेळी मागितली नाही तर पुढे देणारच नाही, असा बऱ्याच कॉलेजांचा नियम आहे. त्यामुळे यादी करताना पहिली चाळणी पैशाची, नावाची नंतर.

तिच्या फाइलमधली सगळ्यात कच्ची जागा शिफारसपत्रांची आहे. कॉलेज आणि क्लास एकत्र अशा इंटिग्रेटेड कोर्समुळे कॉलेज नावापुरतं, सगळा दिवस क्लासमध्ये. दोनशे पोरांच्या बॅचमध्ये सर तिला रोल नंबरने ओळखतात. असे सर काय लिहिणार? 'ऋता कष्टाळू, आज्ञाधारक आणि हसतमुख आहे.' असं पत्र तर मी तुझ्याबद्दलही लिहून देईन! तिला शाळेतल्या विज्ञानाच्या बाई आठवतात, त्यांच्याशी अजून बोलणं आहे. काही ठिकाणी अकरावी-बारावीच्याच शिक्षकांचं पत्र हवं असतं, पण जिथे चालेल तिथे एक पत्र बाईंचं घ्यावं. कॉलेजातल्या जीवशास्त्राच्या मॅडमना ती आता दर आठवड्याला जाऊन भेटणार आहे, असं मी तिच्याकडून कबूल करून घेतलंय.

सगळ्यात भक्कम काय, ते ऐक. तिच्या सामानात निफाडच्या बागेच्या वह्या निघाल्या. ऑक्टोबर छाटणीपासून रोजची आर्द्रता, तापमान, पान किती वेळ ओलं राहिलं, आजोबांनी डावणी या बुरशीरोगासाठी फवारणी कधी केली, आणि त्यातली कुठली टाळता आली असती. एका पानावर लिहिलंय, 'आजोबा म्हणतात पान ओलं आहे, माझा सेन्सर म्हणतो कोरडं. हात लावून बघितलं. आजोबा बरोबर.' मग पुढची चार पानं सेन्सर कुठे टांगायला हवा होता यावर. एक अख्खा हंगाम अवकाळीत गेला, तेही तिने तसंच नोंदवलंय. विन्या, हे वाचताना मला मजा आली रे. कन्सल्टंटने मात्र निबंधातून हे सगळं उडवून 'शेतकऱ्यांचं जीवन बदलण्यासाठी मी संस्था स्थापन केली' असं घातलंय. कुठली संस्था? वर कुठल्याशा जर्नलमध्ये पैसे भरून पेपर छापायचंही सुचवलंय. बारावीतल्या पोरांच्या असल्या संस्था तिथले वाचणारे पोत्याने बघतात. ६५० शब्दांच्या निबंधात तो सेन्सर आणि आजोबाच असू देत.

यादी अशी असावी असं मला वाटतं: वरच्या चारांतली दोन-तीन, ॲमहर्स्ट आणि बोडनसारखी लहान, पण मदत देणारी कॉलेजं, आणि इथे आयसर पुणे व बंगळूरचं आयआयएससी या विज्ञानाच्या संस्था, मन लावून, नाइलाज म्हणून नव्हे. आपले रमेश रासकर आठवतात ना, २०१५ च्या कुंभमेळ्याच्या वेळचे, तंत्रज्ञानातून तिथल्या अडचणी सोडवायच्या त्या कुंभथॉन उपक्रमाचे? एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये प्राध्यापक आहेत, पण पदवी पुण्याच्या सीओईपीची आणि पीएचडी नॉर्थ कॅरोलिनाची. विज्ञानात तिकडच्या पीएचडीला सहसा फी माफ असते, वर विद्यावेतन मिळतं. ऋतासाठी मला तो रस्ता जास्त पक्का दिसतो. तिला हे सांगितलं तर म्हणाली, "काका, म्हणजे मी चार वर्षं थांबू?" मी म्हटलं, थांबायला कोण सांगतंय, शिकायचंय.

वेळेचं गणित अवघड आहे. लवकरच्या फेरीची मुदत १ नोव्हेंबर, म्हणजे ऐन दिवाळीच्या आसपास. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन यांतल्या एकाच ठिकाणी तेव्हा अर्ज करता येतो, पण निवड झाली तरी जायचं बंधन नसतं. नेहमीची फेरी जानेवारीच्या सुरुवातीला, लगेच जेईई मेन, मग फेब्रुवारीत बोर्ड. म्हणून निबंध गणपतीच्या आत संपवायचे, असं आमचं ठरलंय.

पुढच्या शनिवारी येशील तेव्हा फॉर्म १६ आणि दोन वर्षांची रिटर्न्स घेऊन ये. मदतीच्या अर्जात सगळं विचारतात, जमीनसुद्धा. आजोबांच्या नावचा सातबारा वहिनी काढून ठेवतायत. आणि कन्सल्टंटचा दुसरा हप्ता देऊ नकोस.

तुझा,
सुहास