आधी चेसी बघ, मग घर

चि. सौ. स्वातीस,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेले मोटरहोमचे, म्हणजे त्या चाकांवरच्या घराचे फोटो आईने आणि मी टीव्हीवर मोठे करून पुन्हा पुन्हा बघितले. आईला ओटा आणि वरचा पलंग आवडला. मला मात्र गाडीच्या पोटाखालचा एकही फोटो सापडला नाही, म्हणून हे पत्र. फोनवर तू कामाच्या घाईत असतेस, आणि असल्या गोष्टी लिहिलेल्या असल्या की गाडीपाशी उभं राहून वाचता येतात.

वर्षभर सुटी घेऊन ओवीला सगळा ऑस्ट्रेलिया दाखवायचा, हे मला मनापासून पटलंय. त्यामुळे जावं की नाही हा प्रश्नच नाही. प्रश्न आहे तो ८५ हजार डॉलरच्या त्या गाडीचा, म्हणजे जुन्या फोर बाय फोर (चारही चाकांना ताकद देणाऱ्या) फुसो कँटर ट्रकवर बांधलेल्या घराचा.

सगळ्यात आधी मला सांग, ओवी बसणार कुठे? तुमच्याकडे सात वर्षांखालच्या मुलाला चाइल्ड सीटशिवाय नेता येत नाही आणि त्या सीटचा वरचा पट्टा अडकवायला गाडीत पक्का हूक लागतो. केबिनमध्ये तो हूक आहे का, हे हात लावून बघ. मागे घरात, टेबलाशेजारच्या आडव्या बाकावर तिला बसवून एक किलोमीटरसुद्धा न्यायचं नाही. मागे सीट बसवलेली असेल तर तिचं इंजिनिअरचं प्रमाणपत्र माग. व्हिक्टोरियात त्याला व्हास सर्टिफिकेट म्हणतात. ते नसेल तर पुढचं पत्र वाचायचीही गरज नाही, गाडी सोडून दे.

आता चेसी, म्हणजे गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा. दापोडीच्या एसटी कार्यशाळेत लेलँडच्या चेसीवर बॉडी बांधण्यात माझी उमेदीची वर्षं गेली, त्यामुळे माझी नजर तिथेच जाते. ट्रकची चेसी खडबडीत रस्त्यावर पिळते. पुढचं डावं आणि मागचं उजवं चाक एकाच वेळी खड्ड्यात गेलं, की दोन लांब पट्ट्या विरुद्ध दिशांना वळतात. ती तशी वळावी म्हणूनच बनवलेली असते. पण तिच्यावर बसवलेलं घर म्हणजे एक ताठ पेटी. काडेपेटीचं रिकामं खोकं दोन्ही हातांनी पिळून बघ, आधी कोपरे फाटतील. म्हणून जाणकार बांधणारा चेसी आणि घर यांच्यामध्ये स्प्रिंगचे किंवा बिजागरीसारखे हलणारे माउंटिंग देतो, म्हणजे चेसी पिळली तरी घर सरळ राहतं. नुसते यू बोल्ट लावून घर सगळीकडून जखडलेलं असेल, तर कच्च्या रस्त्यावर ते फाटणारच. रोहनरावांना गाडीखाली झोपायला सांग आणि प्रत्येक माउंटिंगचा फोटो काढायला लाव. तू बाहेरून खिडक्यांचे कोपरे, दाराची चौकट आणि छताची कड बघ. तिथे ताजं सीलंट दिसलं, तर कधीपासून गळत होतं हे विचार.

कारण घराचा खरा शत्रू पाणी. आतून लाकडी सांगाडा कुजला तरी बाहेरचा पत्रा चकचकीत दिसतो. गाडी रात्रभर बंद असताना सकाळी जाऊन दार उघड आणि आधी वास घे. ओट्याखाली, पलंगाखाली, कपाटांच्या कोपऱ्यांत बोटाने दाबत जा. कुठे मऊ लागलं की तिथे पैसे मोजायचे नाहीत. ओलावा मोजायचं छोटं यंत्र मिळतं, ते घेऊनच जा.

खालची तपासणी मात्र मेकॅनिककडून, आणि विकणाऱ्याने सुचवलेल्या मेकॅनिककडून नव्हे. त्याला दोन्ही डिफरन्शियलचं (पुढच्या आणि मागच्या चाकांमधली गिअरपेटी) आणि ट्रान्स्फर केसचं (पुढे-मागे ताकद वाटणारी पेटी) थोडं ऑइल काढून दाखवायला सांग. ऑइल दुधाळ असेल तर आत पाणी गेलंय. या पेट्यांचं तापलेलं कवच नदीच्या गार पाण्यात बुडलं की आतली हवा आकसते आणि ब्रीदर, म्हणजे हवेची नळी, वर घेतलेला नसेल तर पाणी आत ओढलं जातं. किनाऱ्यावर फिरलेली गाडी असेल तर चेसीच्या आतल्या बाजूला, स्प्रिंगच्या पाट्या जिथे चेसीला लटकतात त्या शॅकलपाशी गंज शोधायचा. ताजा काळा रंग मारलेला असेल तर तो खरवडून बघायचा. इंजिन थंड असताना स्वतः स्टार्ट कर, मग ऑइलचं झाकण उघडून बॅक कॉम्प्रेशन मारतंय का, म्हणजे तिथून धुराचे झोत येतात का, ते मेकॅनिकला बघायला सांग. फोर व्हील आणि लो गिअर मातीत लावून बघा, सुक्या डांबरावर वळवू नका. पुढच्या आणि मागच्या चाकांच्या वेगातला फरक सांभाळणारं मधलं डिफरन्शियल या गाडीत नसतं, सगळा ताण गिअरवर येतो.

आता वजन. फोनवर तुला हे किरकोळ वाटलं, पण माझ्या मते निम्मा व्यवहार इथेच ठरतो. साध्या कार लायसन्सवर भरलेली ४.५ टनांपर्यंतची गाडी चालते, म्हणून अशा गाड्या मूळ क्षमता जास्त असूनही सामानासकट कमाल ४,४९५ किलोवर नोंदवतात. जाहिरातीत रिकामं वजन ४,१०० लिहिलंय. म्हणजे उरले ३९५. दीडशे लिटर पाणी म्हणजे दीडशे किलो, तुम्ही तिघं मिळून साधारण दीडशे, १२० लिटर डिझेल म्हणजे शंभर. झाले ४००, आणि अजून डबे, भांडी, कपडे, ओवीची सायकल, दुसरं स्टेपनी काहीच चढलेलं नाही. शिवाय ते ४,१०० सोलर पॅनेल आणि जादा बॅटरी बसवण्याआधीचे असण्याचीच शक्यता जास्त. वजन जास्त निघालं आणि अपघात झाला, तर विमा कंपनी हात वर करू शकते. म्हणून पैसे द्यायच्या आधी गाडी वजनकाट्यावर न्या आणि पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलची वेगवेगळी चिठ्ठी घ्या. जड निघालीच, तर तुम्ही दोघांनी लाइट रिजिड, म्हणजे लहान ट्रकचं लायसन्स काढून गाडी वाढीव वजनावर नोंदवता येते का, हे नोंदणी कार्यालयात विचारा. माझ्या मते तोच प्रामाणिक मार्ग.

आणि हेही शांतपणे ठरवा, की फोर बाय फोर खरंच किती लागणार. देशाला वळसा घालणारा हायवे वन सुमारे १४,५०० किलोमीटर आहे आणि त्यावर साधी गाडी चालते. तुझी हौस वायव्येकडच्या किंबर्ली भागातल्या गिब रिव्हर रोड या कच्च्या रस्त्याची. तो सुमारे ६६० किलोमीटर, पावसाळ्यात बंद, आणि त्यावरच्या कॉरुगेशनने, म्हणजे पन्हाळी पत्र्यासारख्या लाटांनी, भल्याभल्या गाड्यांचे बोल्ट सुटतात. क'गारी या वाळूच्या बेटावर, मऊ वाळूत साडेचार टनांची गाडी रुतली तर काढायची कोणी? एवढ्या दोन टप्प्यांसाठी वर्षभर उंच, कडक पाट्यांची गाडी आणि जादा डिझेल परवडतंय का, याचा हिशेब मांडा. किंबर्लीपुरती फोर बाय फोर कॅम्पर तिथल्याच ब्रूम गावातून भाड्याने घेऊन बाकी प्रवास साध्या व्हॅनने करणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं. पण उत्तर टोकाचं केप यॉर्कही करायचंच असेल आणि गाडी वर लिहिलेल्या सगळ्यात उतरली, तर घ्या. मग मी अडवणार नाही.

कागदांत पीपीएसआर, म्हणजे सरकारी नोंदवहीतली तपासणी विसरू नको. दोन डॉलरमध्ये गाडीवर कर्ज आहे का, ती चोरीची किंवा राइट-ऑफ झालेली आहे का, ते कळतं. रोडवर्दी सर्टिफिकेटवर, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्यालायक असल्याच्या दाखल्यावर, विसंबू नको. त्यात सुरक्षेपुरतं बघतात, इंजिन किती टिकेल आणि घर गळतं का हे नाही. टायरवरचे शेवटचे चार आकडेही वाच: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. टायर जुने असतील तर सहाही टायरचे पैसे किमतीतून कापायला सांग.

माउंटिंगचे फोटो आणि काट्याची चिठ्ठी आली की मला लगेच पाठव. तोपर्यंत विसाराची रक्कम देऊ नको, विकणाऱ्याने कितीही घाई केली तरी.

रोहनरावांना नमस्कार, ओवीला खूप खूप आशीर्वाद. आई रविवारी फोन करणार आहे.

तुझे
बाबा